अंधारात राबणाऱ्या पेशी आणि त्यांच्यातलं आम्ल

गेल्या वेळी आपण दृष्टिपटलापर्यंत, म्हणजे रेटिनापर्यंत आलो होतो. एका डोळ्यात साधारण 12 कोटी दंडपेशी आणि 60 लाख शंकुपेशी असतात, हे पाहिलं. आजचा प्रश्न असा, की या पेशींच्या आत तयार होणारं आम्ल जातं कुठे?

आपल्याला वाटतं, उजेड पडला की पेशी कामाला लागते. दंडपेशीचं उलट आहे. अंधारात तिच्या टोकाकडची दारं उघडी असतात, सोडियम आत येत राहतो आणि तो उपसून टाकायला पंप सतत चालवावा लागतो. होडीला भोक पडलंय आणि आपण पाणी उपसत बसलोय, तसं. उजेड पडला की भोक बुजतं. म्हणजे या पेशींचा ऊर्जेचा खर्च अंधारात जास्त!

ही ऊर्जा ग्लुकोजमधून येते. ऑक्सिजन मिळत असतानाही दृष्टिपटल भरपूर लॅक्टेट तयार करतं, हे ओटो वारबुर्ग यांनी 1920 च्या दशकातच दाखवलं होतं. लॅक्टेटबरोबर हायड्रोजन आयन येतात, म्हणजेच आम्लता. शाळेत शिकलेला सामू आठवा: तो नुसता 0.3 ने उतरला, तरी हायड्रोजन आयन दुप्पट झालेले असतात.

त्यात आणखी एक अडचण आहे. अंधारात पेशीची आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे 40 मिलिव्होल्ट ऋण असते. हायड्रोजन आयन धन, म्हणून ते आत ओढले जातात. पेशीने काहीच केलं नाही, तर आत त्यांचं प्रमाण बाहेरच्या चौपट-पाचपट होईल. प्रत्यक्षात तसं होत नाही, कारण पेशीपटलावरची वाहक प्रथिने राबत असतात. एक प्रथिन सोडियम आत घेतं आणि हायड्रोजन आयन बाहेर टाकतं. दुसरं सोडियमसोबत बायकार्बोनेट आत आणतं, ते आम्ल शोषतं. तिसरं लॅक्टेट आणि हायड्रोजन आयन जोडीनेच बाहेर नेतं.

आता गंमत बघा. पहिल्या दोघांना सोडियमच्या ओढीचा आधार लागतो. ती ओढ टिकवतो तोच मघाचा पंप. पंपाला ऊर्जा हवी, आणि ऊर्जा करताना पुन्हा आम्ल! शेजारच्या म्युलर पेशी आणि मागचा रंगद्रव्याचा थर मदतीला नसते, तर हे जमलंच नसतं. कार्बन डायऑक्साइडचं बायकार्बोनेट झटपट करणारं कार्बोनिक अॅनहायड्रेज हे विकर त्यांच्यात भरपूर असतं.

आम्लता वाढली तर बिघडतं काय? पेशीच्या दुसऱ्या टोकाला कॅल्शियमची दारं असतात, तिथून पुढच्या पेशीला संदेश जातो. हायड्रोजन आयन वाढले की ती दारं नीट उघडत नाहीत, संदेश क्षीण होतो. आणि बिघाड कायमचा असेल तर? बायकार्बोनेट आणणाऱ्या अशाच एका प्रथिनाचा जनुक काढून टाकलेल्या उंदरांचा अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या प्रकाशपेशी हळूहळू मरत गेल्या, आणि कानातल्या संवेदनपेशीही. आम्लता सांभाळणं म्हणजे या पेशींच्या जगण्या-मरण्याचाच प्रश्न आहे.

माणसांच्या बाबतीत हा विषय औषधाच्या रूपाने भेटतो. अॅसिटाझोलामाइड हे कार्बोनिक अॅनहायड्रेज रोखतं. काचबिंदूत ते देतात, आणि रेटिनायटिस पिग्मेंटोसाच्या काही रुग्णांत दृष्टिपटलाच्या मध्यभागी पाणी साचून सूज येते, तेव्हाही देतात. सूज उतरते ती मुख्यतः रंगद्रव्याचा थर पाणी ओढून घेतो म्हणून. मूळ आजार मात्र थांबत नाही. हातापायांना मुंग्या येतात, रक्त थोडं आम्लधर्मी होतं, तेव्हा हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

व्याख्यानानंतर आम्हाला हमखास विचारतात: मग अल्कलाइन पाणी प्यायलं तर नजर सुधारेल का? नाही हो. रक्ताचा सामू फुफ्फुसं आणि मूत्रपिंडं 7.35 ते 7.45 मध्येच धरून ठेवतात. ते पाणी जठरातल्या आम्लापुढेच संपतं, डोळ्यापर्यंत त्याची बातमीसुद्धा जात नाही.