मूर्खपणाची किंमत

विद्यार्थी मित्रांनो, 'नादान' हा शब्द तुम्ही घरी अनेकदा ऐकला असेल. त्याचा मूळ अर्थ 'न जाणणारा' असा आहे. पण एखादी गोष्ट माहीत नसणे म्हणजे मूर्खपणा नव्हे. ते अज्ञान होय. विचारले, वाचले की अज्ञान दूर होते. मग मूर्खपणा म्हणजे काय?

इटलीचे इतिहासकार कार्लो चिपोला यांनी १९७६ साली एका छोट्या लेखात माणसांचे चार प्रकार सांगितले. जो स्वतःचे आणि दुसऱ्याचेही भले करतो, तो शहाणा. जो दुसऱ्याच्या फायद्यासाठी स्वतःचे नुकसान करून घेतो, तो भाबडा. जो दुसऱ्याला लुबाडून स्वतःचा फायदा करतो, तो लुटारू. आणि ज्याच्यामुळे दुसऱ्याचे नुकसान होते, पण स्वतःलाही काही मिळत नाही, तो मूर्ख! लुटारूला काय हवे ते आपल्याला कळते, म्हणून सावध राहता येते. मूर्ख काय करील, याचा अंदाज येत नाही. शिवाय शिक्षणाने किंवा मोठ्या पदाने मूर्खपणा जातोच असे नाही. उलट, हाती सत्ता असेल तर नुकसान फार मोठे होते.

चीनचे उदाहरण पाहा. १९५८ साली माओ त्से-तुंग यांच्या सरकारने उंदीर, माश्या, डास आणि चिमण्या यांचा नायनाट करण्याची मोहीम काढली. चिमण्या शेतातले धान्य खातात, एवढाच विचार झाला. लोकांनी ढोल आणि भांडी बडवून चिमण्यांना कोठेच बसू दिले नाही. त्या थकून खाली पडत व मरत. पण चिमण्या किडेही खातात! त्या नाहीशा झाल्या आणि पिकांवर कीड वाढली. शास्त्रज्ञांनी समजावल्यावर १९६० साली चिमणीला यादीतून वगळून तिच्या जागी ढेकूण घातला गेला. तोपर्यंत देशात भीषण दुष्काळ पडला होता. सरकारची इतर चुकीची धोरणे त्याला कारण होतीच. चिमण्यांच्या संहाराने त्यात भर पडली. कोट्यवधी माणसे दगावली. धान्य वाचवायला निघालेल्यांनी धान्यच गमावले, आणि उपाशी राहिले ते गरीब शेतकरी.

मित्रांनो, भांडी बडवणाऱ्यांत शाळेतली मुलेही होती. सगळे करतात म्हणून तीही करत होती. म्हणून कोणतेही काम करण्यापूर्वी क्षणभर थांबा आणि विचारा, 'यातून कोणाचे भले होणार? कोणाचे नुकसान होणार?' मूर्खपणा एकाचा असतो. त्याची किंमत मात्र अनेकांना मोजावी लागते.