ट्रकमधला गारवा

अष्टमीकडून कुंडलिकेचा पूल ओलांडून धाटावच्या कारखान्यांकडे मालट्रक जातात. जुन्या ट्रकमधला गारवा कमी झाला, की चालक म्हणतो, 'गॅस भरा!' पण हा गॅस डिझेलासारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच फिरतो. कमी झाला, म्हणजे कुठेतरी गळती आहे. ती न शोधता भरलेला गॅस पुन्हा निघून जातो, पैसेही जातात. म्हणून आधी गळती बुजवावी, पंपाने आतली हवा व दमटपणा ओढून काढावा, मग पाटीवरील वजनाइतकाच गॅस भरावा. फार जुन्या यंत्रांतला आर-१२ हा गॅस ओझोनच्या रक्षणासाठी १९८७ च्या माँट्रिअल करारानुसार बंद झाला. त्याजागी आर-१३४ए भरायचा, तर तेलही बदलावे लागते. स्वयंपाकाचा गॅस मात्र भरू नये; तो पेट घेतो. गळक्या घागरीला आधी डाक लावतात, मगच पाणी भरतात, नाही का?