लखनौ ते बेंगळुरू, एका मसुद्याचा प्रवास

लखनौत गोमतीपलीकडे महानगर ही जुनी, मध्यमवर्गीय वस्ती. तिथल्या टपरीवर चहाचे पैसे मोबाइलवरून चुकते होतात, त्यात नवल राहिलेलं नाही. मात्र 13 ते 15 फेब्रुवारी 2023 या काळात याच शहरात जी-20च्या डिजिटल अर्थव्यवस्था कार्यगटाची पहिली बैठक भरली, तेव्हा चर्चेत होती अशाच व्यवहारांमागची यंत्रणा.

जी-20ला ना स्वतःची सनद, ना कायमचं सचिवालय. 1999 साली अर्थमंत्र्यांचा गट म्हणून तो सुरू झाला. 2008च्या आर्थिक संकटात राष्ट्रप्रमुख एकत्र बसू लागले. अध्यक्षपद दरवर्षी फिरतं. मागचा, चालू आणि पुढचा अध्यक्ष मिळून सातत्य राखतात. भारताच्या वेळी सोबत इंडोनेशिया आणि ब्राझील होते.

खरं काम होतं ते कार्यगटांत, शब्दाशब्दावर घासाघीस करत. लखनौनंतर हा गट हैदराबादला, जूनमध्ये पुण्याला आणि ऑगस्टमध्ये बेंगळुरूला बसला. मंत्र्यांनी तिथे डिजिटल सार्वजनिक पायाभूत सुविधांची, म्हणजे अशा व्यवहारांमागच्या यंत्रणेची, चौकट मान्य केली. सप्टेंबरमधल्या राष्ट्रप्रमुखांच्या दिल्ली जाहीरनाम्याने तिचं स्वागत केलं.

चौकट ऐच्छिक आहे. ती न पाळल्यास दंड नाही, की खटला नाही. जागतिक व्यापार संघटनेत निदान तंटा तरी दाखल करता येतो! तरीही एक सामाईक व्याख्या हाती आली, हे कमी नाही: सर्व सदस्यांची सहमती लागते तिथे एक विशेषणही महिनोन्‌महिने अडू शकतं.