लाकडी नांगराचा लोखंडी फाळ

विपणन म्हणजे गरज ओळखण्यापासून माल योग्य गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंतचा सगळा व्यवहार. त्यासाठी इतिहासातून धडे घेण्याची प्रथा आता चांगलीच रुळली असून त्या धड्यांचा मोठा भाग लढायांमधून उचललेला असतो. सुन त्झूचा युद्धविषयक ग्रंथ किंवा मराठ्यांचा गनिमी कावा विक्रेत्यांच्या प्रशिक्षणवर्गांत हटकून भेटतो. प्रतिस्पर्ध्याशी झुंजताना त्यांचा थोडाफार उपयोग होत असेलही. परंतु गिऱ्हाईक हा सर करायचा गड नव्हे, आणि जो पुन्हा दुकानात यावा अशी अपेक्षा आहे त्याला नमवून काही साधत नाही. व्यापाराविषयी शिकायचे तर व्यापाराचाच इतिहास पाहणे अधिक सयुक्तिक ठरते, आणि मराठी वाचकाला त्यासाठी फार दूर जावे लागत नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींच्या दुकानापासून व्यवसायाला आरंभ केला, पुढे कडबा कापण्याची यंत्रे बनवली आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार केला. लाकडी नांगर जमीन उकरतो, पण तिचा थर उलटवत नाही. याउलट लोखंडी नांगराच्या वळणदार पत्र्यामुळे कापलेली माती पालथी पडते आणि हरळी-कुंद्यासारख्या चिवट तणांच्या मुळ्या उन्हात उघड्या पडतात. एवढा फायदा दिसत असूनही पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली. लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि तीच आडवी आली, असे या प्रसंगाबद्दल सर्वत्र सांगितले जाते.

हे स्पष्टीकरण मात्र पुरते पटत नाही, कारण लाकडी नांगराला जमिनीत घुसणारा फाळ लोखंडाचाच असे आणि पिढ्यान्‌पिढ्या तोच फाळ त्याच जमिनीतून फिरत आला होता. विषाची भीती बोलून दाखवली जात असली, तरी तिच्यामागे दुसरा, अधिक व्यवहारी हिशेब असावा, असे मानायला जागा आहे. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार तो नीट करी, फाळ बोथट झाला तर लोहार तो शेवटून देई, आणि या कामांचा मोबदला बलुते म्हणून, म्हणजे सुगीच्या वेळी धान्याच्या रूपाने दिला जाई. ओतीव लोखंडाचा नांगर रोख पैसे मोजून घ्यावा लागणार होता. ऐन नांगरटीत त्याचा एखादा भाग तडकला तर तो गावात मिळणार नव्हता, आणि हंगाम चुकला की अख्खे वर्ष हातचे जाणार होते. अशा स्थितीत ‘पैसे नाहीत’ किंवा ‘भरवसा नाही’ असे तोंडावर सांगण्यापेक्षा ‘जमीन नासेल’ असे म्हणून वेळ मारून नेणे सोपे होते. गिऱ्हाईक सांगते ते कारण आणि त्याला खरोखर अडवणारे कारण यांतले हे अंतर विक्रीशास्त्राच्या दृष्टीने या प्रकरणाचा गाभा आहे. त्याला अंधश्रद्धेचे लेबल चिकटवले की विक्रेत्याचा विचार तिथेच थांबतो.

इंग्लंडमधील कुंभकाम-व्यावसायिक जोसाया वेजवूड यांनी अठराव्या शतकात हेच ओळखले होते. राणी शार्लटच्या पसंतीनंतर त्यांनी आपल्या फिकट पिवळसर भांड्यांना ‘क्वीन्स वेअर’ हे नाव दिले, ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. परंतु वाटेत फुटलेली भांडी बदलून देण्याची आणि माल न आवडल्यास पैसे परत करण्याची त्यांनी दिलेली हमी तितकीच मोलाची होती, कारण तिच्यामुळे खरेदीतली जोखीम घेणाऱ्याकडून विकणाऱ्याकडे सरकली. आज विजेवर चालणारी स्कूटर घ्यायला निघालेला माणूस बॅटरी पेट घेईल अशी शंका काढतो, तेव्हा ती भीती खोटी नसते. पण तालुक्याच्या गावी दुरुस्ती कोण करणार आणि चार वर्षांनी गाडी विकताना काय भाव येणार, हे प्रश्न तिच्याआड उभे असू शकतात. त्यांचे उत्तर जाहिरातीच्या पाटीवर लिहून भागत नाही, तालुक्यात सुट्या भागांसह कारागीर बसवावा लागतो.

किर्लोस्करांच्या इतिहासाचा दुसरा, अधिक परिचित भाग छापील मजकुराचा आहे. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. १९२९ पासून ते ‘किर्लोस्कर’ या नावाने निघू लागले, आणि पाठोपाठ १९३० मध्ये ‘स्त्री’ व १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही मासिके आली. ज्यांना कधीही नांगर घ्यायचा नव्हता, अशा घरांतही त्यांमुळे हे नाव पोहोचले. मालाची थेट भलामण न करता वाचकाच्या उपयोगाचा मजकूर पुरवून नाव रुजवण्याच्या या पद्धतीला आज ‘कंटेंट मार्केटिंग’ म्हणतात आणि ती नवी असल्याच्या थाटात शिकवतात.

अशा उदाहरणांतून नियम काढताना एक अडचण उरते. इतिहासात बहुधा टिकलेल्यांचीच नोंद राहते. तितकाच चांगला नांगर बनवून दोन वर्षांच्या मंदीत बुडालेल्या कारखानदाराचे चरित्र कोणी लिहीत नाही. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर किर्लोस्करांना औंध संस्थानाचा आश्रय मिळाला आणि १९१० मध्ये कुंडल रोड या रेल्वे स्थानकाजवळ किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडाचा जड माल बाहेर पाठवणाऱ्या कारखान्याला रेल्वेचे हे सान्निध्य किती मोलाचे होते, ते वेगळे सांगायला नको. मासिकाचे अनुकरण करणाऱ्याला संस्थानिकाचा आश्रय सहसा मिळत नाही. शिवाय नांगर १९०३ चा आणि मासिक १९२० चे. मधल्या सतरा वर्षांची बोळवण विक्रीच्या वर्गात बहुधा एका वाक्यात होते.