कोणता पासवर्ड, कुणाचा?

ऑनलाइन खरेदीत ‘पासवर्ड टाका’ दिसलं की पहिला प्रश्न: विचारतंय कोण? दुकानाला हवा असतो तिथे नाव नोंदवताना तुम्ही ठरवलेला पासवर्ड. ईमेलचा किंवा नेटबँकिंगचा नव्हे. कार्डाने पैसे देताना मोबाइलवर येणारा ओटीपी बँकेचा. ही दुहेरी खातरजमा रिझर्व्ह बँकेने २००९ मध्ये सक्तीची केली. परदेशी संकेतस्थळांवर ती अनेकदा नसते. यूपीआय पिन (४ किंवा ६ आकडी) पैसे देताना वा शिल्लक पाहताना लागतो, घेताना कधीच नाही. ‘रिफंडसाठी पिन टाका’ म्हणणारा सरळसरळ भामटा. पार्सल देणाऱ्यालाही कधीकधी ओटीपी सांगावा लागतो. मात्र आधी एसएमएस पूर्ण वाचा: त्यात बँकेचं नाव आणि रक्कम असेल, तर तो पार्सलचा नाहीच. पैसे गेलेच, तर तत्काळ सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा क्रमांक फिरवा.