कच्च्या मातीचा गणपती

पेणजवळच्या हमरापूर-जोहे भागात भर उन्हाळ्यातही ओट्यावर, पडवीत, जिन्याखाली गणपती वाळत असतात. शाडूचं काम चालू असलेल्या कारखान्यात शिरलं की आधी माती थापटल्याचा आवाज येतो. तिंबलेला गोळा कारागीर अंगठ्याने दाबत दाबत साच्याच्या कानाकोपऱ्यात भरतो. पुढचा आणि मागचा असे दोन भाग निघाले, की पातळ कालवलेल्या मातीने ते सांधायचे आणि ओला ब्रश असा फिरवायचा, की सांधा होता हेच कळू नये.

खरी कसोटी त्यानंतर. माती वाळताना आकसते. बोटं, सोंडेचं टोक लवकर सुकतं, पोट ओलंच राहतं आणि या ओढाताणीत तडा जातो. म्हणून मूर्ती सावलीत ठेवायची, घाई करायची नाही. हात अंगापासून फार लांब काढायचा नाही, सोंड पोटाला टेकवायची. घरच्या गणपतीची ती ऐसपैस मांडी घातलेली, आटोपशीर बैठक शिल्पकाराइतकीच मातीनेही ठरवलेली आहे.

प्लास्टरचं गणित वेगळं. तापवून पाणी उडवलेलं जिप्सम ते; पुन्हा पाणी मिळालं की काही मिनिटांत घट्ट. आत काथ्या घातला की पोकळ, पातळ अंगही तग धरतं. मूर्ती हलकी, स्वस्त, आणि एका पायावर नाचवली तरी चालते. कारखानदार तिकडे वळले यात नवल नाही. त्यांना घरबसल्या नावं ठेवणं सोपं आहे. शाडूसुद्धा काही पेणच्या शेतातली नव्हे, ती गुजरातेतून ट्रकने येते.

पण भाद्रपदातल्या पूजेला मूर्ती लागते ती 'पार्थिव', म्हणजे मातीची. तीही कच्ची. भट्टीत घातली तर तिचं मडकं होईल, आणि मडकं काही विरघळत नाही. विसर्जनाचा सगळा विधी या कच्चेपणावर उभा आहे. प्लास्टर तर पाण्यानेच घट्ट झालेलं. ते पाण्यात काय विरघळणार? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली ती प्रदूषणापायी, पण पूजेच्या पोथीचं म्हणणंही फार निराळं नव्हतं.

हल्ली बरीच घरं बादलीतच विसर्जन करतात. पाणी आधी गढूळतं, मग बोटं जातात, सोंडेचं टोक गळतं. पोट बराच वेळ तसंच असतं. दुसऱ्या दिवशी तळाशी करडा गाळ बसलेला असतो, आणि कुणीतरी तो तुळशीच्या कुंडीत ओततं.