पांढरे जाणे, ‘जखम’ आणि पिशवी काढण्याची घाई

पाळीच्या चार दिवसांची वार्ता आपल्या घरांत आपोआप सर्वांना कळते, कारण त्या दिवसांत मंदिर आणि बहुधा स्वयंपाकघरही वर्ज्य असते. परंतु अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार वर्षानुवर्षे मुलीलाही सांगितली जात नाही. या मौनाची किंमत पुष्कळदा गर्भाशयमुखाला मोजावी लागते.

गर्भाशयाचा योनिमार्गात उघडणारा निमुळता, अरुंद भाग म्हणजे गर्भाशयमुख. त्याला सूज आली की पिवळसर वा दुर्गंधीयुक्त स्राव, पतिपत्नी-संबंधानंतर रक्ताचे डाग, ओटीपोटात दुखणे अशी लक्षणे दिसतात. अनेक स्त्रियांत मात्र एकही लक्षण नसते. उलटपक्षी, दोन पाळ्यांच्या मध्यावर जाणारा पारदर्शक, बुळबुळीत स्राव हा आजारच नव्हे.

तरुण वयात क्लॅमिडिया, गोनोरिया, ट्रायकोमोनास यांचे संसर्ग ही दाहाची प्रमुख कारणे. ते शरीरसंबंधातून येतात आणि म्हणूनच पत्नीबरोबर पतीनेही औषध घेणे अनिवार्य ठरते. ‘मला काहीच होत नाही’ असे म्हणून पती बाजूला राहिला, तर बरी झालेली स्त्री पुन्हा आजारी पडते आणि दोष मात्र तिच्या प्रकृतीला दिला जातो. उपचार न झाल्यास संसर्ग गर्भनलिकांपर्यंत चढून वंध्यत्व येऊ शकते. तथापि प्रत्येक दाह संसर्गाचाच असतो असे नाही. सुगंधी द्रव्यांनी वा जंतुनाशकांनी आतून धुण्याची सवयही तो निर्माण करते. शुचितेच्या अतिरेकी कल्पनेतून हे आपल्याकडे घडते. योनिमार्ग स्वतःला स्वच्छ ठेवतो. बाहेरून साधे पाणी पुरे.

‘पिशवीच्या तोंडाला जखम आहे’ हे वाक्य ऐकून अनेक भगिनी हादरतात. तरुण वयात, गरोदरपणी किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना गर्भाशयमुखाच्या आतील लालसर अस्तर बाहेर दिसू लागते. ही जखम नव्हे, आणि त्रास नसेल तर त्यावर उपचाराचीही गरज नसते. चाळिशीच्या आतबाहेर असल्या ‘जखमे’साठी किंवा केवळ पांढरे जाते म्हणून गर्भाशय काढण्याचा सल्ला मिळाला, तर दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांचे मत घेतल्यावाचून होकार देऊ नये. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये साऱ्या महाराष्ट्रासमोर आला होता. सुशिक्षित, सुस्थितीतील घरांतही ही घाई आढळते.

रजोनिवृत्तीनंतर चित्र बदलते. इस्ट्रोजेन घटल्याने अस्तर पातळ व कोरडे होते आणि सहज दाह होतो. पण पाळी गेल्यावर पुन्हा रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी ‘उष्णता झाली’ म्हणून गुलकंदावर भागवू नये. तपासणी झालीच पाहिजे.

दाह म्हणजे कर्करोग नव्हे. गर्भाशयमुखाचा कर्करोग प्रायः एच.पी.व्ही. या विषाणूच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गातून, अनेक वर्षांनी उद्भवतो. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक रुग्णालयाच्या सहभागाने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. एच.पी.व्ही.ची एकच तपासणी आणि आवश्यक तेथे उपचार, एवढ्यानेच त्या गटातील या कर्करोगाचे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले. 2009 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिशीनंतर ठराविक काळाने ही तपासणी करून घेण्यास याहून मोठे कारण नको. 9 ते 14 वयाच्या मुलींसाठी लसही आहे.

आपल्या आचाराशी निगडित दोन गोष्टी. चौविहार पाळणाऱ्या श्राविका प्रतिजैविकांचा क्रम मध्येच सोडतात. दिवसातून दोन वेळच्या गोळ्या सकाळी व सूर्यास्तापूर्वी घेता येतील का, हे डॉक्टरांना आधीच विचारावे; पुष्कळदा मार्ग निघतो. तसेच कॅप्सूलचे आवरण बहुधा प्राणिज जिलेटिनचे असते. तेच औषध गोळीच्या रूपात मिळत असेल तर तसे लिहून मागावे, परंतु औषध टाळू नये.